रविवारचा ग्रीक बेत

मंडईतून पालकाची ताजी जुडी आली, म्हणून आज पोळी-भाजीला सुट्टी देऊन ग्रीक चवीचा फ्रिटाटा, म्हणजे भाज्या घातलेलं जाडसर ऑम्लेट. पालक, कांदा, ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात परतली. पालकाचं पाणी पूर्ण आटवायचं, नाहीतर सगळं गिचगिचीत होतं. मग फेटलेली अंडी, काळे ऑलिव्ह, ओरेगॅनो आणि कुस्करलेलं फेटा चीज. मीठ जवळजवळ नाहीच, कारण हे चीज मिठाच्या पाण्यातच मुरतं. अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचं, फार तर थोडं शेळीचं. कॅम्पात मिळालं ते गाईचं. चालतंय की! झाकण ठेवून मंद आच, उलटायची भानगड नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोळा बरा झालाय, जरा लसणाची चटणी दे." चटणीबरोबर तो जास्तच छान लागला, पण हे ग्रीकांना कळवू नका.