जोड कोणाची लावायची?

१४ सप्टेंबर २०२५ चा रविवार मी आणि माझ्या एका स्नेह्यांनी शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी टीव्हीसमोर बसून काढला. सकाळी लास व्हेगासहून कानेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची बॉक्सिंगची लढत होती आणि संध्याकाळी नागोयाहून नाओया इनोउए आणि मुरोदजोन अख्मादालिएव्ह यांची. हे स्नेही कॅम्पातल्या एका व्यायामशाळेत मुलांना बॉक्सिंग शिकवतात आणि वयाने माझ्याहून लहान असले तरी मी त्यांना सर म्हणतो. मधल्या सहा-सात तासांत जेवण झाले, वामकुक्षी मात्र राहून गेली, कारण सकाळच्या निकालावरून आमचा वाद पेटला होता. कोण जिंकले याबद्दल वाद नव्हता. पंचांनी एकमताने क्रॉफर्डच्या बाजूने कौल दिला होता आणि तो आम्हा दोघांनाही मान्य होता. वाद होता तो ही जोड कानेलोच्या बाजूने लावलीच का, यावर.

‘जोड’ हा शब्द माझा नाही, आजोबांचा आहे. मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान भरे आणि कुस्त्या जोडण्याचे काम बरीच वर्षे आजोबांकडे होते. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत कोणासमोर कोण, हे ते ठरवीत. त्यांच्याजवळ ना वजनकाटा होता, ना वही. हलगी वाजत असायची आणि ते समोर उभ्या राहिलेल्या पैलवानाची मान मागून चिमटीत धरून दाबायचे, मग मनगट, मग मांडी आणि शेवटी कान बघायचे. कान किती चुरगळला आहे यावरून तो किती वर्षे मातीत आहे, हे त्यांना कळे. पैलवानाला विचारण्यात अर्थ नाही, तो कुणालाच नाही म्हणत नाही, असे ते म्हणत. विचारायचे ते त्याच्या वस्तादाला, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते पाहायचे.

एका वर्षी गावात असा एक गडी होता की लागोपाठ तीन यात्रांत त्याने समोरच्याला अस्मान दाखवले होते. पंचमंडळींचे म्हणणे पडले की कोल्हापूरहून एखादा नावाजलेला पैलवान आणू, गर्दी होईल. आजोबांनी पलीकडच्या खोऱ्यातला एक बुटका, सडपातळ पोरगा निवडला आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. त्यांचे कारण साधे होते. आपला गडी प्रत्येक कुस्ती ढाक मारून जिंकतो, त्याचे पाय अजून कोणी तपासलेले नाहीत आणि हा पोरगा पट काढण्यात, म्हणजे पाय धरून पाडण्यात, पटाईत आहे. ती कुस्ती पाऊण तास चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली, पण तोपर्यंत मैदानातून एकही माणूस उठला नव्हता.

सरांच्या जगात हा प्रश्नच येत नाही. हौशी स्पर्धेत ड्रॉ निघतो, तक्ता भिंतीवर चिकटवला जातो आणि ज्याच्यासमोर नाव येईल त्याच्याशी मुलगा लढतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही चिठ्ठी नशीब काढत नाही, माणसे काढतात, आणि त्या माणसांना पैसा, पट्टे आणि भीती या तिघांचेही ऐकावे लागते. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटनांपैकी प्रत्येकीचा स्वतःचा पट्टा आणि स्वतःचा अनिवार्य आव्हानवीर असतो, त्यामुळे चारही पट्टे कमरेला बांधणाऱ्या विजेत्याची अवस्था चार सावकारांच्या ऋणकोसारखी होते. एकाचा हप्ता भरला की दुसरा दारात उभा. टायसन फ्युरीने नोव्हेंबर २०१५ मध्ये व्लादिमिर क्लिच्कोला हरवले आणि करारातल्या कलमानुसार त्याच्याशीच पुन्हा लढायचे मान्य केले, तेव्हा पंधरवडाही उलटला नव्हता तोच आयबीएफने आपला पट्टा काढून घेतला, कारण त्यांचा आव्हानवीर दुसराच होता. अलीकडे यात सौदी अरेबियाचा पैसा आला आहे आणि संघटनांना किंवा प्रमोटरांना वर्षानुवर्षे जमली नाही ती जोड तिथल्या मनोरंजन खात्याचे प्रमुख तुर्की अलालशेख एका मोसमात लावू शकतात. सकाळची लढत त्यांनीच घडवून आणलेली होती.

आता कानेलोबद्दल. तो ७६.२ किलोच्या गटाचा निर्विवाद, म्हणजे चारही पट्टे बाळगणारा, विजेता होता आणि क्रॉफर्डची त्याआधीची लढत ६९.८ किलोच्या गटात झालेली होती. मधला गट ओलांडून, वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्रॉफर्ड वर आला. कागदावर ही कानेलोसाठी हलकी जोड होती, पैसा अमाप होता आणि हरण्याची शक्यता कमी दिसत होती. सर म्हणाले, “लहान माणूस घेतला, तिथंच चुकलं.” मी म्हणालो, “सर, लहान घेतला म्हणून नाही, हुशार घेतला म्हणून.” हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर लॅरी होम्स होता. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, ४८ लढती जिंकून एकही न हरलेल्या होम्सने हेवीवेट गटाच्या पट्ट्यासाठी खालच्या लाइट हेवीवेट गटाचा विजेता मायकेल स्पिंक्स याला समोर घेतले. आणखी एक विजय मिळाला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९-० या विक्रमाशी बरोबरी झाली असती. लाइट हेवीवेटच्या एकाही विजेत्याने तोवर हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवलेले नव्हते, म्हणून ही निवड शहाणपणाची वाटली होती. स्पिंक्सने पंधरा फेऱ्या होम्सला एका जागी स्थिर होऊ दिले नाही आणि गुणांवर लढत जिंकली.

वजन हा निवडीचा सर्वांत सोपा निकष आहे आणि म्हणूनच तो सर्वाधिक फसवतो. लहान माणूस मार खातो तेव्हा तो लहान होता म्हणून खातो, हे खरे आहे. २०१६ मध्ये गेन्नादी गोलोव्हकिनने दोन गट वर आलेल्या केल ब्रूकला लंडनमध्ये पाचव्या फेरीत थांबवले, ब्रूकच्या डोळ्याची खोबण मोडली आणि त्या विजयाने गोलोव्हकिनबद्दल आम्हाला काहीही नवे सांगितले नाही. पण तोच लहान माणूस विजेत्याला आजवर कोणी न विचारलेला प्रश्न घेऊन आला, तर ते हलके वजनच त्याच्या कामी येते. हेवीवेटचा जगज्जेता जो लुई याचे उदाहरण माझ्या मते यात सर्वांत बोलके आहे. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो सात वेळा पट्टा राखण्यासाठी उतरला आणि वृत्तपत्रांनी त्या प्रतिस्पर्ध्यांना ‘दरमहा एक फालतू’ अशा अर्थाचे नाव दिले. त्या रांगेतला बडी बेअर हा आडदांड गडी पहिल्याच फेरीत लुईला दोऱ्यांबाहेर फेकून बसला होता, हे मात्र ते नाव वापरणारे विसरतात. सातवा होता बिली कॉन, लाइट हेवीवेटमधून आलेला, लुईपेक्षा पुष्कळच हलका. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो पुढे होता आणि तिसऱ्याच्या कागदावर बरोबरीत. तेराव्या फेरीत नुसते पळत राहिला असता तरी जिंकला असता. पण त्याला लुईला झोपवायचे होते. फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना लुईने त्याला झोपवले. रांगेतल्या सात जणांत सर्वांत हलका असलेल्या माणसाने लुईला सर्वांत कठीण प्रश्न विचारला.

उशीर ही दुसरी चूक. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकिआओ यांची बोलणी २००९ पासून चालली होती आणि लढत झाली २ मे २०१५ रोजी. विक्रीचे सगळे विक्रम मोडले, पण जी लढत बघायची होती ती तोपर्यंत नासून गेली होती. पिकायला ठेवलेला आंबा आढीत विसरला की काय होते, हे पुण्यात मे महिन्यात कोणाला सांगावे लागत नाही. आपल्याकडचा विजेंदर सिंग जगज्जेता नव्हता, पण सलग बारा लढती जिंकून सोळा महिने रिंगणाबाहेर राहिल्यावर मार्च २०२१ मध्ये गोव्यात त्याच्यासमोर आर्तिश लोपसान हा त्याच्याहून उंच रशियन आणला गेला. पाचव्या फेरीत सारे संपले. विश्रांतीनंतरची पहिली जोड कशी असावी याचा आजोबांचा नियम असा होता की तो गडी ओळखीच्या उंचीचा असावा.

संध्याकाळी इनोउएची लढत सुरू झाली तेव्हा आमचा वाद थंडावला होता. ५५.३ किलोच्या गटातले चारही पट्टे त्याच्याकडे २०२३ च्या डिसेंबरपासून होते आणि त्यानंतरची त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची रांग सरळ नव्हती. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये लुइस नेरीने पहिल्याच फेरीत डाव्या हुकने त्याला खाली पाडले. सहाव्या फेरीत इनोउएने हिशेब चुकता केला. मग टी. जे. डोहेनी आला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा सॅम गुडमन ठरला होता, त्याचा डोळा सरावात दोनदा फाटला आणि ऐनवेळी कोरियाचा किम ये-जून उभा करावा लागला. त्या लढतीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मे २०२५ मध्ये लास व्हेगासला रामोन कार्देनासने दुसऱ्या फेरीत पुन्हा डाव्या हुकनेच त्याला पाडले आणि आठव्या फेरीत स्वतः थांबला. एकच ठोसा दोनदा लागतो तेव्हा तो अपघात नसतो, तो पत्ता असतो.

आणि इतके होऊनही इनोउएने पुढे अख्मादालिएव्ह घेतला, म्हणून ती निवड मला या सगळ्यांत चोख वाटते. हा उझबेक डावखुरा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, पूर्वी दोन पट्टे बाळगलेला, डब्ल्यूबीएचा अनिवार्य आव्हानवीर. इनोउए आपल्याला टाळतो आहे, असे तो जाहीरपणे म्हणत होता. डाव्या हातात ताकद असलेला आणि घाई न करणारा गडी समोर असेल तर काय, हा प्रश्न त्याच्या रूपाने आला. इनोउएचे उत्तर अनपेक्षित होते. तो आत घुसलाच नाही. डाव्या पायाचा पंजा अख्मादालिएव्हच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवत, एक-दोन ठोसे मारून लगेच अर्धे पाऊल मागे सरकत त्याने बारा फेऱ्या खेळून काढल्या आणि २०१९ मधल्या नोनितो डोनेअरविरुद्धच्या लढतीनंतर प्रथमच गुणांवर जिंकला. सर खुर्चीत पुढे सरकून फक्त त्याचे पायच बघत होते. “पोरांना हे दाखवायला हवं,” एवढेच ते म्हणाले.

यापुढे कोण, हा प्रश्न त्यानंतर आमच्यात शिल्लक राहिला. सरांना तो वरच्या, ५७ किलोच्या गटात हवा होता. मला ते पटत नव्हते. तिथल्या तेव्हाच्या विजेत्यांपैकी स्टीफन फुल्टनला त्याने खालच्या गटात आधीच थांबवलेले होते आणि राफाएल एस्पिनोसा सहा फुटांहून उंच आहे. इनोउए जेमतेम साडेपाच फूट. तो हरला तर उंचीमुळे हरला म्हणतील, आणि जिंकला तरी पुढच्या सगळ्या चर्चा वजनाच्याच होतील. माझी जोड होती जुन्तो नाकातानी. तोही जपानी, तोही तेव्हा अपराजित, तीन गटांतला जगज्जेता, डावखुरा, इनोउएपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच, आणि लांब पल्ल्यावरून खेळत असूनही जवळ आल्यावर खालून वर येणारा डावा ठोसा मारणारा. इनोउएने नागोयात लांबून खेळून दाखवले. लांबचा पल्ला ज्याच्या मालकीचा आहे, त्याच्यापुढे तो काय करेल? खुद्द इनोउएनेच मार्च २०२५ मध्ये एका पुरस्कार समारंभात सर्वांसमोर त्याला पुढच्या वर्षी टोकियो डोमचे आमंत्रण दिले होते, म्हणजे हा आंबा आढीत विसरला जाण्याची भीती तेव्हा नव्हती.

माझी शंका एकच होती. नाकातानीने तोवरची कारकीर्द ५३.५ किलो आणि त्याखालच्या गटांत केली होती. २७ डिसेंबर २०२५ ला रियाधमध्ये एकाच रात्री इनोउए मेक्सिकोच्या अ‍ॅलन पिकासोशी आणि नाकातानी मेक्सिकोच्याच सेबास्तियान हर्नांदेझशी लढणार होता, आणि ही नाकातानीची ५५.३ किलोच्या गटातली पहिली लढत असणार होती. मुख्य लढत इनोउएची असली तरी मी त्या दिवशी तिच्या आधीची लढत अधिक लक्षपूर्वक पाहणार होतो. बरगड्यांवर ठोसा बसल्यावर नाकातानीचे कोपर किती खाली येते, सातव्या-आठव्या फेरीत त्याचे पाय तेवढेच हलतात का, आणि फेरी संपल्यावर स्टुलावर बसताना तो त्याच्या प्रशिक्षकाकडे बघतो की प्रशिक्षक त्याच्याकडे, हे मला पाहायचे होते. सरांना मी जेवायला बोलावले होते.