फ्लिंटच्या विटांवर उभी रिव्हिएरा

अमेरिकेत मिशिगनमध्ये डेट्रॉईटहून आय-७५ महामार्ग धरून उत्तरेला निघालं की शंभरएक किलोमीटरवर फ्लिंट लागतं. डेट्रॉईटच्या ट्रॉय, नोव्हाय या उपनगरांकडे मोटारींच्या धंद्यात नोकरी करणारी मराठी घरं पुष्कळ आहेत. पाहुणे आले की त्यांना नायगारा दाखवतात. ऑगस्टच्या मध्यावर आले असतील तर फ्लिंटलाही न्याच. सॅगिनॉ स्ट्रीट अजून विटांचा आहे, वर ‘व्हेईकल सिटी’ लिहिलेल्या कमानी, आणि ‘बॅक टू द ब्रिक्स’ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या दिवसांत त्या विटांवर जुन्या गाड्या ओळीनं लागलेल्या असतात. त्यांतली १९६३ ते १९६५ची ब्यूक रिव्हिएरा बघायला आम्ही तिथं जातो. ही गाडी फ्लिंटमध्येच बनली.

१९५८मध्ये फोर्डनं आपल्या थंडरबर्ड गाडीला चार सीटा दिल्या आणि ती जोरात खपली. जनरल मोटर्सकडे तसं काही नव्हतं. स्टायलिंगचे प्रमुख बिल मिचेल यांच्या डोक्यात लंडनच्या धुक्यात पाहिलेली धारदार कडांची रोल्स-रॉइस बसली होती; नेड निकल्स यांनी ती कल्पना कागदावर उतरवली. ही गाडी व्हायची होती ‘ला साल’ नावानं, जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅक विभागाकडून. कॅडिलॅकनं नको म्हटलं. मग पाँटियाक, ओल्ड्समोबाईल आणि ब्यूक या बाकीच्या विभागांत चढाओढ लागली आणि ती ब्यूकनं जिंकली. किंमत ४,३३३ डॉलर. पहिल्या वर्षी ४०,००० गाड्या काढायच्या असं ठरवलं आणि तेवढ्याच काढल्या.

फोटोत ही गाडी निम्मीच कळते. मागच्या चाकापाशी जा, उकिडवे बसा आणि नजर पुढं सोडा. पुढच्या मडगार्डपासून निघालेली कड दारावर जरा खाली येते आणि मागच्या चाकावर पुन्हा उचलते. पत्रा इस्त्रीची घडी घातल्यासारखा. त्याच वेळी ठोकलेल्या पत्र्यावर भरलेली पुट्टीही पकडली जाते, कारण अपघातानंतर ही कड तशीच्या तशी उठवणं फार कठीण असतं. मालकाची परवानगी घेऊन दार उघडा. दाराच्या काचेला चौकट नाही. आतून दाराला दोन हँडलं आहेत, दुसरं मागं बसणाऱ्याच्या हाताशी. मागच्यांसाठी वेगळं दार नाही, पण त्यांचा विचार केलेला आहे. आम्हाला ही गाडी आवडते ती अशा गोष्टींसाठी.

वर्ष ओळखणं सोपं आहे. मागच्या चाकापुढं खोट्या हवेच्या जाळ्या असल्या तर ६३ किंवा ६४. बॉनेटवर उभं चिन्ह दिसलं तर ६४. ६५ला जाळ्या गेल्या, मागचे दिवे बंपरमध्ये उतरले आणि पुढचे दिवे मडगार्डच्या टोकाला, उघडमीट करणाऱ्या झडपांमागं, एकावर एक बसले. मूळ कल्पनेतच ते तसे होते, पण प्रत्यक्षात यायला ६५ उजाडलं.

बॉनेटखाली ‘नेलहेड’ व्ही-८ असतं. व्हॉल्व्ह उभे आणि खिळ्याच्या डोक्याएवढे लहान, म्हणून हे नाव. एअर क्लीनरवर ‘वाइल्डकॅट ४४५’ वाचून लोक इंजिनाचा आकार समजतात. तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा आकडा आहे. इंजिन ४०१ घनइंचांचं, ३२५ हॉर्सपॉवरचं. ४२५चं इंजिन असेल तर तिथं ४६५ लिहिलेलं असतं. ६५ची जास्त ताकदीची ‘ग्रॅन स्पोर्ट’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर इंजिनावरची ‘एलएक्स’ ही अक्षरं, दोन कार्ब्युरेटर आणि ३.४२ गुणोत्तराचा मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही बघा. नुसता बॅज कुणीही लावू शकतो.

गिअरबॉक्सचा फरक चालवताना कळतो. ६३चा डायनाफ्लो हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलल्याचं जाणवूच देत नाही, पण उठतो सावकाश. ६४पासून तीन गिअरचा सुपर टर्बाइन ४०० आला. रोज चालवायची असेल तर तोच घ्या.

बिघाडांचंही ठरलेलं आहे. मागच्या काचेच्या पट्टीखाली पाणी साचतं, पत्रा कुजतो आणि ते पाणी डिकीत उतरतं; म्हणून डिकीची चटई उचलून बघितल्याशिवाय बोलणी करू नका. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इंग्रजी एक्ससारखी आहे. मधून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मधल्या बेअरिंगचं रबर गेलं की गाडी उठताना थरथरते. लोक उगाच गिअरबॉक्स उघडतात. पुढचे ब्रेक ड्रम बाहेरून थंड होण्यासाठी पात्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आणि चांगले आहेत, पण ब्रेकना दाब देणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पैसे आले की आधी दोन कप्प्यांचा बसवा, रंगकाम मग. कॉम्प्रेशन १०.२५ आहे, तेव्हा पंपावरचं सर्वांत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, इथेनॉलला टिकणाऱ्या रबरी नळ्या टाका आणि तेल जस्त असलेलं वापरा. नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो.

झडपांचे दिवे असलेली ६५ घ्यायची तर ते दहा वेळा उघडमीट करून बघा. एक बाजू मागं राहिली तर आधी झडपा हलवणाऱ्या दांड्यांचे (लिंकेजचे) बुश, मग झडप टोकाला पोचली की मोटार थांबवणारा लिमिट स्विच तपासा आणि मोटार सगळ्यात शेवटी. संध्याकाळी सॅगिनॉ स्ट्रीटवर एखादा मालक दिवे लावतो, तेव्हा बाजूला उभं राहा. मडगार्डच्या टोकाची जाळी दोन पापण्यांसारखी वर-खाली होते आणि आतून पिवळा उजेड विटांवर पडतो.