जीपच्या टाकीची गळती शोधताना

आमची सीजे-३बी जीप आजोबांची. मुळात तिला पेट्रोलचं हरिकेन इंजिन होतं. वडिलांनी ते उतरवून प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं, आरसी बुकावर नोंदही करून घेतली. टाकी मात्र जुनीच राहिली, ड्रायव्हरच्या सीटखालची.

एप्रिलात वाळलेली हळद वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, न्यायची वेळ आली आणि गाडीत डिझेलचा वास यायला लागला. नुसत्या वासानं माझी झोप उडाली. वर्षभराची मेहनत त्या पोत्यांत. डिझेलचा वास लागलेली हळद कोण घेणार?

गावातल्या मिस्त्रींना टाकीच्या खालच्या शिवणीवर ओल दिसली. त्यांनी शिवणीवर एमसील थापलं. चार दिवसांत पुन्हा थेंब. मग ड्रेन प्लगचा वायसर बदलला. तरी तेच.

मग मीच लक्ष ठेवायला बसलो. टाकी भरून घेतली, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मोंढ्यापर्यंत जाऊन आलो की शिवण ओली. टाकी अर्ध्यावर आली तरी हाच प्रकार. शिवण फुटली असती तर उभ्या गाडीतूनही गळायला हवं होतं. म्हणजे इंजिन चालू असतानाच जे डिझेल फिरतं, तेच कुठून तरी बाहेर येत होतं. टाकीतून पंपाकडे डिझेल नेणाऱ्या फीड पाइपला चीर असती तर पंपानं हवा ओढली असती आणि इंजिननं झटके खाल्ले असते. ते ठणठणीत चालत होतं. उरला रिटर्न पाइप.

पेट्रोल इंजिनच्या कार्बोरेटरला रिटर्न लागत नाही, म्हणून जुन्या टाकीला त्याचं तोंडच नव्हतं. डिझेलला पंपातलं आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचं जास्तीचं डिझेल टाकीत परत सोडावं लागतं. इंजिन बदलताना कुणीतरी टाकीच्या वरच्या पत्र्याला भोक पाडून पितळी डागानं, म्हणजे पितळ वितळवून केलेल्या जोडानं, निप्पल (पाइप जोडायची छोटी नळी) बसवला होता.

सीट उचलली, टाकी फडक्यानं पुसून कोरडी केली आणि लेकीच्या खडूची पूड करून वरून भुरभुरली. इंजिन चालू केलं. दहा मिनिटांत निप्पलच्या बुडाशी पूड काळी पडली आणि तिथून एक ओघळ बाजूनं थेट शिवणीपर्यंत उतरला. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही, पत्र्याला धरून सरकतं. म्हणूनच आम्ही सगळे खालीच बघत राहिलो.

टाकी उतरवून नांदेडला रेडिएटरवाल्या चाचांकडे नेली. बघताक्षणी ते म्हणाले, "मालक, शिवण चांगली हाय. वरून रडायलीय टाकी."

कारणही त्यांनीच दाखवलं. लोखंडी पाइप थेट निप्पलला घट्ट जोडलेला. इंजिनची थरथर पाइपातून पातळ पत्र्यात उतरायची, त्यानं डाग तडकला होता.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रिकाम्या टाकीला कधीही ज्योत लावू नका. आत वाफ असते आणि टाकी फुटते, डिझेलचीसुद्धा. चाचांनी गरम पाण्यात साबणाचा सोडा घालून टाकी तीनदा खळबळली, मग डागाच्या जागेपर्यंत पाणी भरून ठेवलं आणि तेव्हाच गॅस पेटवला. निप्पलखाली जाड पत्र्याची चकती डागून घेतली. लोखंडी पाइप वीतभर कापून तिथं डिझेलचा रबरी पाइप क्लिपनं बसवला. शेवटी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं हलकीच हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही.

परवा पंधरा पोती घेऊन मोंढ्यात गेलो. उतरल्यावर आधी सीट उचलली. खडूची पूड पांढरीच होती.