गरी नाही, पाणी नाही, मग फेकता काय?

मुंबईहून आलेला पाहुणा असो किंवा फोनवर भेटलेला शाळेतला मित्र असो, उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी मी काय करतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मासे पकडायच्या काठ्या घेऊन तुम्ही गवताच्या माळावर जाता, तिथे पाणी नाही, गरी नाही, मासा तर नाहीच, मग दिवसभर फेकता तरी काय?" आजवर मी "शिसे" एवढेच उत्तर देऊन सुटत आलो. ते खरे असले तरी अपुरे आहे, आणि आता तुम्हीही विचारलेत म्हणून जरा नीट सांगतो.

मी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्फक परगण्यात राहतो. इथला समुद्र राखाडी आणि थंड आहे. किनाऱ्यावर वाळूपेक्षा गोटेच अधिक, आणि त्या गोट्यांवर उभे राहून लांब काठीने गरवणारी माणसे बारा महिने दिसतात. त्यांच्यातल्या काहींना मासा मिळण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, आपले शिसे किती लांब पडले याची ओढ असते. अशी आम्ही चौदा-पंधरा माणसे गवत कापून झाले की एका शेतकऱ्याच्या कुरणावर जमतो आणि दिवसभर लांब फेकीचा खेळ करतो. बक्षीस नसते, प्रवेशशुल्क नसते. ज्याची फेक सर्वांत लांब जाईल त्याला चहाच्या वेळी केकचा पहिला तुकडा मिळतो, एवढेच.

कुरणाच्या एका टोकाला फेकायची जागा असते. तिथून पाचरीसारखा रुंदावत जाणारा पट्टा आखलेला असतो आणि शिसे त्याच्या आतच पडावे लागते. मधल्या रेषेवर 100, 125, 150, 175 आणि 200 मीटरवर निशाणे रोवलेली असतात. रीतसर स्पर्धांत 100, 125, 150 आणि 175 ग्रॅम अशी वजने असतात आणि प्रत्येक वजनाला दोऱ्याची किमान जाडी ठरलेली असते: 150 ग्रॅमला 0.31 मिलिमीटर, 175 ला 0.35. दोरा जितका बारीक तितका हवेचा अडथळा कमी, म्हणून हे बंधन. आम्ही मित्रमंडळी फक्त 150 ग्रॅमवर खेळतो.

दीडशे ग्रॅम म्हणजे किती हे आपल्याला सांगावे लागू नये, कारण क्रिकेटचा चेंडू जवळजवळ तेवढाच, 156 ते 163 ग्रॅम, भरतो. फरक इतकाच की तेवढे वजन इथे बोरापेक्षा थोड्या मोठ्या शिशाच्या गोळ्यात कोंबलेले असते. हवेचा काहीच विरोध नसता तरी 45 अंशांत सुटलेली वस्तू 200 मीटर जायला तिचा वेग सेकंदाला सुमारे 44 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 160 किलोमीटर, असावा लागतो. हवा आहे आणि मागून ओढत येणारा दोराही आहे, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतो. जगातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजाचा चेंडू ज्या वेगाने सुटतो तो वेग, तेरा-चौदा फुटी काठीच्या टोकाला लटकवलेल्या शिशाला, पोट सुटलेला निवृत्त टपालवाला देतो. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला होता.

मला या खेळाची ओळख इथे झाली, पण त्याची सवय मालवणजवळच्या आमच्या गावची आहे. माझे काका भरतीच्या वेळी कातळावर उभे राहून हाताने गरवत. काठी नाही, रीळ नाही; तंगूस, म्हणजे गरवायचा नायलॉनचा दोरा, डाव्या हाताच्या पंजाभोवती सैल गुंडाळलेला, टोकाला शिसे आणि वरती दोन गऱ्या. उजव्या हाताने ते शिसे डोक्यावरून दोनदा गरगर फिरवत आणि तिसऱ्या फेऱ्याला सोडून देत. तंगूस हातावरून सरसरत सुटे आणि आम्ही पोरे मागे सरकून बसत असू, कारण "गरी कानात गावली तर मगे बोंबलू नको" अशी ताकीद मिळालेली असे. शिसे नेमके कुठे पडले हे लाटांमुळे कधीच दिसत नसे. काका मात्र समोरच्या खडकाकडे बोट दाखवून छातीठोकपणे सांगत, "त्या खडपाच्या पलीकडे पडला." पलीकडे पडले नव्हते असे म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती.

हीच सोय मला नॉर्फकच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षे लाभली. इथली माणसे अजूनही यार्डांत बोलतात, आणि किनाऱ्यावर जो भेटेल तो दीडशे यार्ड फेकतो. मीही विचारणाऱ्याला "एकशे तीस तरी" असे सांगत असे. मग एका रविवारी एका शेजाऱ्याने मला या कुरणावर आणले. मी पूर्ण ताकदीने फेकले, लेझरच्या यंत्रातून अंतर पाहिले गेले आणि आकडा आला 93 मीटर, म्हणजे एकशे दोन यार्ड. तेसुद्धा गरी नाही, आमिष नाही, कोरड्या गवतावर, मागून वारा असताना. समुद्र कुणाचाही आकडा खोडून काढत नाही, गवत काढते. दिवसभर माळावर काय फेकता, याचे माझे खरे उत्तर हेच आहे: आम्ही तिथे समुद्रावर मारलेल्या थापा मोजायला जातो.

त्या 93 पासून पुढे सरकायला मला चार उन्हाळे लागले, आणि त्यांत ताकद वाढवण्याचा वाटा जवळजवळ शून्य आहे. बहुतेक वेळ गेला तो अंगठ्याखाली काय घडते ते समजून घेण्यात. माझे रीळ अबू कंपनीचे 6500 जातीचे, म्हणजे काठीला आडवे बसणारे आणि फेकताना स्वतः फिरणारे आहे. दोरा भरलेल्या त्याच्या फिरकीचा व्यास सुमारे 4 सेंटिमीटर असतो. शिसे सेकंदाला 44 मीटर वेगाने दोरा ओढू लागले की ती फिरकी मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेते. शिसे हवेत मंदावू लागते, फिरकी मात्र तितक्या लवकर मंदावत नाही. ती दोरा सोडतच राहते आणि सुटलेला जास्तीचा दोरा तिथेच फुगून असा गुंता होतो की इथले लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. हे टाळण्यासाठी फिरकीच्या बाजूला छोटी लोहचुंबके बसवलेली असतात. फिरकी ॲल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटत नाही. पण ती चुंबकाजवळून जोरात फिरली की तिच्यातच विजेचे भोवरे उठतात आणि तेच तिला मागे खेचतात. वेग जास्त तेव्हा अडसर जास्त, वेग उतरला की अडसरही उतरतो. कातळावर काकांचा डावा पंजा जे काम करत असे तेच हे.

दुसरी गोष्ट जाड दोऱ्याची. 0.31 मिलिमीटरचा दोरा सहा-सात किलोंच्या ताणाला तुटतो आणि फेकीचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून टोकाकडचा दोरा जाड वापरतात. त्याला शॉक लीडर म्हणतात, आणि दर औंस शिशामागे दहा पौंड ताकद हा त्याचा हिशेब आहे. दीडशे ग्रॅम म्हणजे सव्वापाच औंस, म्हणून साठ पौंडांचा लीडर. तो काठीच्या टोकापासून रिळापर्यंत येऊन फिरकीवर सहा-सात वेढे तरी उरावा लागतो, म्हणजे झटका बारीक दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. फेकताना हे वेढे अंगठ्याने दाबून धरायचे असतात, आणि ओल्या नायलॉनवर अंगठा हमखास निसटतो. निसटला तर कातडी सोलवटते. यावरचा माझा उपाय दुकानातला नाही: सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून तो अंगठा आणि फिरकी यांच्यामध्ये धरायचा. माझ्या तुकड्यावर पंक्चर काढल्याचे ठिगळ आहे आणि अंगठा नेमका त्याच्यावर बसतो.

फेकीच्या मुख्य तऱ्हा दोन. नवख्याला ग्राउंड कास्ट शिकवतात: शिसे आपल्या मागे गवतावर ठेवायचे, काठी त्याच्याकडे झुकवून अंग पिळायचे आणि मग तो पीळ सोडत काठी वर आणायची, डावा हात छातीकडे ओढायचा, उजवा वर ढकलायचा. दुसरी पेंड्युलम, म्हणजे लंबकाची फेक. तिच्यात शिसे काठीच्या टोकापासून लोंबते ठेवून आधी समोर झुलवतात, मग ते आपल्या खांद्यामागे चढते, आणि ते वर पोहोचून क्षणभर हलके होते त्याच वेळी अंग वळू लागते. लेस्ली मॉनक्रिफ यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यांवर ले-बॅक नावाची सोपी, मागे रेलून करायची फेक रूढ केली, आणि पुढे जॉन होल्डन यांच्या लिखाणामुळे लंबकाची फेक घरोघर पोहोचली. बेल्जियमच्या डॅनी मूस्कॉप्स यांनी तर 300 मीटरांची हद्द ओलांडून दाखवली. आमच्या कुरणाची लांबीच तेवढी नाही.

तुम्हाला हा प्रकार इंग्रजांचा आणखी एक खुळेपणा वाटत असेल, तर मासे नसलेल्या ठिकाणी काठीने फेकण्याची परंपरा त्यांच्यापुरती नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये 1930 च्या दशकात केवळ फेकीच्या सरावासाठी तळी बांधली गेली आणि ती आजही वापरात आहेत. तिथे निदान पाणी तरी आहे. जर्मनीत ड्युइसबर्ग येथे 2005 साली झालेल्या वर्ल्ड गेम्समध्येही, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतही, कास्टिंग म्हणजे फेकीचा खेळ होता.

एक कबुली मात्र द्यायला हवी. मासे मिळण्यासाठी एवढ्या लांब फेकण्याची गरज बहुधा नसते. आमच्या वेबोर्नच्या किनाऱ्यावर पाणी काठालाच इतके खोल आहे की पुष्कळदा मासा पायापासून वीस-तीस यार्डांवर चरत असतो, आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून शिसे फेकत असतो. काकांना मी फोनवर माझा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि मासो खंय?"

यंदाच्या रविवारी माझ्या चार फेकी होत्या. पहिली 138, दुसरी 144. तिसऱ्या वेळी मला वाटले की आता जमले, आणि जमले असे वाटताच मी जोर लावला. पिस्तुलाचा बार व्हावा तसा आवाज झाला. फिरकीवर घरटे झाले होते, दोरा तिथेच अडकून तुटला होता आणि शिसे एकटेच निघून गेले होते. अशा वेळी कुणी हसत नाही. सगळे आपापल्या जागी उभे राहून वर पाहतात, कारण ते कुठे उतरेल याचा भरवसा नसतो. म्हणूनच फेकणाऱ्याच्या पुढे तर सोडाच, दोन्ही बाजूंनाही कुणाला उभे राहू देत नाहीत. शिसे दोऱ्याला जोडलेले नसेल तर फेक बाद, हा नियम आहे. चौथी फेक मी निम्म्या जोराने केली आणि ती 151 वर पडली. केकचा पहिला तुकडा टपालवाल्याला गेला. त्याची सर्वांत लांब फेक 212 होती.

आवराआवर करताना सगळी शिशे मोजली जातात, कारण पुढच्या वर्षी ती गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यात आली तर शेतकरी आम्हाला कुरणात पाऊल ठेवू देणार नाही. एक कमी भरले. आम्ही हाताच्या अंतराने रांगेत उभे राहिलो आणि भात लावणाऱ्या बायांसारखे वाकून, खाली बघत कुरणभर चालत गेलो. 125 च्या निशाणापाशी नाही, 150 पाशीही नाही. 175 चे निशाण ओलांडून पंधरा-वीस पावले गेल्यावर मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगात ते अर्धे रुतलेले मला दिसले. त्याला माझ्या लीडरचा केशरी दोरा होता. लेझरचे यंत्र कुणाकडे आहे म्हणून मी ओरडून विचारले, तर ते केव्हाच पेटीत गेले होते आणि पेटी गाडीत.