वहाळातला फ्लाय फिशिंगचा मोसम आणि सावलीचा हिशेब

संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, शास्त्री नदीला मिळणाऱ्या आमच्या वहाळावर यंदा दिवाळीच्या सुमारास रॉड जोडला, तो शिमग्याच्या आधी पुसून ठेवला. फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याची खोटी माशी बांधून मासा धरणं. पाणी नितळलं की मोसम सुरू, आणि कोंडी, म्हणजे वहाळातले डोह, एकमेकींपासून तुटल्या की बंद. सामान जुनंच: सात फुटी, ३ वेटचा म्हणजे हलका रॉड, तरंगती लाइन, तिला जोडलेला साडेसात फुटांचा निमुळता दोर (लीडर), आणि टोकाला माशी बांधायचा ६एक्सचा बारीक दोरा (टिपेट).

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर किंवा काश्मिरात शिकून आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. ट्राउट इथे नाही आणि होणारही नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउट काश्मिरात आणला. पुढे हिमाचलात, निलगिरीत, मुन्नारला ट्राउट रुजले ते थंड पाण्याच्या जिवावर. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, आणि २० अंशांच्या वर ट्राउटची कुचंबणा सुरू होते. आमच्याकडे जानेवारीत भल्या पहाटे थर्मामीटर बुडवला तरी २१ च्या खाली उतरत नाही. म्हणून इथला गडी म्हणजे बॅरिल: चार-पाच इंचांचा, चंदेरी, कुशीवर निळसर उभे पट्टे. क्वचित एखादी लहान खडस (महसीर) लागते, तिला लगेच पाण्यात सोडायचं.

बॅरिल ट्राउटसारखा दगडाच्या आडोशाला ठाण मांडून बसत नाही. खळाळ संपून पाणी कोंडीत उतरतं तिथे चार-सहा जण तोंडं प्रवाहाकडे करून फिरत असतात. माशी दिसली की झडप, आणि पिसं-दोरा तोंडात आला की तितक्याच चपळाईने थुंकून मोकळे. ट्राउटच्या वेळी क्षणभर थांबून रॉड उचलायची सवय असते, ती इथे घरी ठेवून यायची. आणखी एक गंमत: ट्राउटसाठी माशी प्रवाहाबरोबर निवांत वाहावी म्हणून आपण जिवाचं रान करतो, पण बॅरिलला ती शेवटी जरा फरफटलेली आवडते. एल्क हेअर कॅडिस, म्हणजे केसांची तरंगती माशी, कोंडीच्या तोंडाशी थोडी ओढली की हमखास उसळी.

यंदाची खरी कमाई मात्र माश्यांच्या डबीत नाही. सकाळी चालणारी कोंड संध्याकाळी का मरते, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माशी तीच, पाणी तेच, उजेडही बरा, तरी दुपारी चारनंतर वरच्या कोंडीकडे दोन पावलं टाकली की सगळे बॅरिल गायब. उत्तर भूगोलात निघालं. कोकणातले वहाळ सह्याद्रीवरून पश्चिमेला धावतात. मासा प्रवाहाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून असतो, आणि आपण त्याच्या पाठीमागून वर सरकतो. सकाळी सूर्य समोर, त्यामुळे आपली सावली मागे. संध्याकाळी तो पाठीशी, आणि माझी व रॉडची लांबलचक सावली माझ्या आधी कोंडीत पोचलेली! हिमालयातले नाले सतराशे साठ दिशांनी वळतात, म्हणून तिकडे हे एवढं खुपत नाही.

सकाळचा दुसरा फायदा घाटाचा. पूर्वेला उभा कडा असल्यामुळे पायथ्याच्या कोंडींवर साडेआठ-नऊपर्यंत थेट ऊन पडतच नाही. उजाडल्यापासून ऊन पाण्याला टेकेपर्यंतचा हा काळ म्हणजे इथलं सोनं. ऊन एकदा समोरून आलं की पाणी आरशासारखं चमकतं, पोलराइज्ड चष्माही फारशी मदत करत नाही, आणि मग न्याहारीला बसलेलं बरं. संध्याकाळीच जायचं असेल तर उत्तरेच्या काठाने जा. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला कललेला असतो, त्यामुळे सावली पाण्याऐवजी काठावरच्या करंजांत पडते. डिसेंबरभर हे पडताळून पाहिलं. काठ बदलला की तीच कोंड पुन्हा बोलू लागते.

(महाडजवळ वाळणकोंडला सगळं उलटं. तिथले खडस देवीचे म्हणून कोणी धरत नाही, लोक खायला टाकतात, त्यामुळे माणसाची सावली पडली की मासे जवळ येतात. मासा वर कसा उठतो हे निवांत बघायला मात्र त्याहून चांगली जागा नाही.)

माश्यांबद्दल थोडक्यात. खळाळातला दगड उलटला की खाली मेफ्लाय या पाणकिड्याच्या चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतात, म्हणून १६ नंबरच्या बारीक गळावरचा फेझंट टेल निम्फ, म्हणजे अशा अळीची पाण्याखाली चालणारी नक्कल, कधी वाया जात नाही. पण जानेवारीपासून बाजी मारली ती ओंबीलने. वहाळावर झुकलेल्या आंब्यांवर या तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतात, आणि वारा सुटला की त्या टपाटप पाण्यात पडतात. १६ नंबरच्याच गळावर विटकरी दोऱ्याचे दोन गोळे, मागचा जरा मोठा, मधे उघडी बारीक कंबर. कंबरेशी गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस दोनच वेढे. तिसरा वेढा दिला की मुंगीची माशी होते. गोळ्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे मासा ओल्या हातात चटकन सुटतो.

वाडीतले तात्या हे सगळं बघून म्हणाले, "अरे, पिसं दाखवून मासा गावतो होय? गांडूळ लाव नि गप बस." मी म्हटलं, "तात्या, तुम्हीच टाकून बघा." शेरणीची झुडपं दोन्ही काठांना इतकी दाट की मागे लाइन फेकायला जागाच नाही. म्हणून त्यांना गळ चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडायला शिकवलं. बॅरिल लागला, तात्यांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, "एवढ्याशाचं कालवण काय होणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता खालच्या कोंडी तुटल्या. अडकलेल्या माशांवर गळ टाकण्यात मजा नाही, आणि त्यांना आधीच कमी शत्रू नाहीत: कोणीतरी ब्लीचिंग पावडर ओतून एक कोंड पुरती साफ केली, त्यात बोटाएवढी पिल्लंही गेली. जूनमध्ये चढणीचे मासे येतील तेव्हाही रॉड बंदच. अंडी घालायला निघालेल्या माशाला माशी दाखवणं मला पटत नाही. वर प्रचितगडाकडे चांदोली राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, त्यामुळे तिकडे कधीच नाही.

पुढच्या मोसमात सावलीचा हिशेब दुसऱ्या पाण्यावर तपासायचा आहे. त्यासाठी उत्तर-दक्षिण वाहणारा तुकडा हवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य बाजूने राहील. बावनदीच्या खोऱ्यात नकाशावर असे दोन फाटे दिसतात. पावसाळ्यानंतर त्यांत डिसेंबरपर्यंत पाणी टिकतं का, हे त्या भागातल्या कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. आणि शक्य असेल तर हेही सांगा की काठावर आंबे आहेत की नुसतं बांबूचं बेट.