खाणीच्या अटींचा कागद मिळवताना

पावसाळ्यात गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या वाड्यावर खाणीच्या बाजूने गाळ येतो आणि कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पाटात बसतो. खाणीला पर्यावरण दाखला देताना सरकारने अटी घातल्या असणारच. त्या पाळल्या जातात का, एवढंच मला पाहायचं होतं.

दाखला मिळवणं सोपं गेलं. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर पत्र होतं. गाळ अडवायचे खड्डे, भोवतीचा बांध, आसपासच्या विहिरींची पातळी मोजणं, सगळं त्यात लिहिलेलं. कंपनीने दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. मला तो हवा होता.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. उत्तर आलं ते नकाराचं: ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, कंपनीची हरकत आहे. इथे बरेच जण थांबतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. कायद्याच्या कलम 11 खाली कंपनीला आपलं म्हणणं मांडता येतं, पण निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. शिवाय 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज असल्याचं स्पष्ट लिहिलंय. मग त्यात गुपित कसलं?

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत. अपिलाला मी अधिसूचनेचा परिच्छेद 10 जोडला आणि त्या ओळी अधोरेखित केल्या. सुनावणीत मुद्दा लगेच मान्य झाला.

मी प्रतींच्या आधी फाईलची पाहणी मागितली. तुम्हीही तसंच करा. माहिती अधिकार कायद्याचं कलम 2(ञ) तो हक्क देतं, आणि फाईल चाळल्यावर नेमकी कुठली पानं हवीत ते कळतं. अर्जात ‘सर्व माहिती’ असं कधी लिहू नका; दाखल्याचा क्रमांक आणि कुठल्या सहामाहीचा अहवाल ते लिहा.

अहवालात विहिरींच्या पातळीचा तक्ता आहे. त्यात आमच्या वाड्यावरची एकही विहीर नाही, आणि उतार तर आमच्याच बाजूला आहे. आता येत्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: आमच्या विहिरी तक्त्यात घ्या, आणि पुढचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लावा. ठरावाला तक्त्याची प्रत जोडली आहे.