पंख्याची पाती परत बसवताना

१२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगाने पळत असतं. आणि बहुतेक पंख्यांत एकेक पातं मोटरला धरून ठेवतात फक्त दोन स्क्रू. म्हणून पाती उतरवून धुतलीत, की परत बसवताना घाई नको.

आधी मेन स्विच बंद करा, नुसतं बटण नव्हे. चढायचा घोडा न डुगडुगणारा हवा आणि पातं धरायला खाली एक माणूस हवाच.

दोन्ही स्क्रू आधी हातानेच तीन-चार आटे फिरवून घ्या. एकच पुरता आवळलात, तर पात्याला मोटरशी जोडणारी पट्टी जरा तिरकी बसते, दुसरा स्क्रू आडवा शिरतो आणि आटे खातो. मग आलटून-पालटून आवळा. स्क्रूच्या डोक्याखाली स्प्रिंग वायसर असतो, ती चिरलेली कडी. तिची फट मिटून ती सपाट झाली, की अगदी थोडं आवळून थांबा. त्यापुढे ताकद लावली तर मोटरच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरातले आटे जातात, आणि मग तो स्क्रू नुसताच फिरत राहतो.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्क्रू गंजतात. गंजलेले स्क्रू आणि दबलेले वायसर सरळ बदला. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जायचीही गरज नाही, गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. जुना स्क्रू नमुना म्हणून न्याच. नवा लांब निघाला, तर त्याचं टोक आत वाइंडिंगला, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीला, लागू शकतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पातं पट्टीला जोडणाऱ्या रिव्हेटकडे. एका हातात पट्टी, दुसऱ्यात पातं धरून हलवून बघा. बारीकशी टिकटिक लागली, किंवा रिव्हेटभोवती काळसर भुकटीचं कडं दिसलं, तर तिथे पत्रा झिजतोय. पत्र्याचा स्क्रू मारून वेळ भागवू नका, भोक आणखी मोठं होतं. त्याच मॉडेलच्या तिन्ही पात्यांचा सेट घ्या. पाती वजनाने जुळवलेली असतात, एकच बदललं की पंखा हेलकावे खातो.

शेवटी पंखा हाताने फिरवत छताच्या एकाच जागेपासून तिन्ही टोकांचं अंतर फूटपट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर कुठलीतरी पट्टी वाकली आहे. आठवड्याने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघा.